पान बासष्टनंतर

नाशिक,
११ फेब्रुवारी २००७

प्रिय पुंजा,

अक्षर ओळखून पत्र चुलीत घालायला उठला असशील, तर आधी ते लंकावहिनींच्या हातात दे. त्यांनी वाचावं, मग चुलीत घालायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवावं. फाडू मात्र नकोस. फाडण्यावरूनच आपलं एवढं झालं.

बत्तीस वर्षांत आपण एक शब्द बोललो नाही. गुलाबाच्या पुस्तकातली त्रेसष्ट-चौसष्ट ही पानं तू फाडलीस असं मी म्हणालो, तू एकदाच म्हणालास की मी नाही फाडली, आणि मी तुझं नाव वाचनालयाच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलं. हे तुला मी सांगायला हवं असं नाही. पण मला सगळं पहिल्यापासून मांडल्याशिवाय लिहिताच येत नाही. चौतीस वर्षं सेक्रेटरी राहिलेल्या माणसाला वाण्याची यादी लिहितानासुद्धा मागील सभेचा वृत्तांत लिहावासा वाटतो. म्हणून हे पत्र लांबणार आहे, आणि तू मध्येच सोडणार नाहीस अशी माझी आशा आहे.

बातमी अशी की आपल्या वाचनालयाची खोली पाडणार आहेत. मळ्यातला रस्ता रुंद होतोय. तू आता आलास तर तुला तुमचाच मळा सापडायचा नाही. जिथं शेवंतीचे वाफे होते तिथं पुष्पबन नावाची सात मजली इमारत उभी आहे, आणि तिच्यात फुलझाड म्हणून तिसऱ्या मजल्यावर कोणाची तरी एक कोरफड आहे. महापालिकेचा माणूस येऊन खोलीच्या भिंतीवर लाल फुली मारून गेला. मार्चअखेर जेसीबी येईल म्हणाला. मग मी सभा बोलावली. पाच जण आले, त्यातले दोन चहाला. आपला वाळू, जो सभासद झाल्यापासून फक्त पेपरातलं राशिभविष्य वाचत आलाय, तो म्हणाला, "नऊशे पुस्तकं ठिवायची कुठं? रद्दीत देऊन टाकू, नाना. आता कोण वाचतंय?" मी म्हणालो, आधी मला रद्दीत दे. तो म्हणाला, तुम्हाला कोण घेईल. सभा बरखास्त झाली.

त्यातून मार्ग काढला माझ्या सुनेनं. दीपमाला तिचं नाव, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. ती म्हणाली, "नाना, आधी यादी करू. जी पुस्तकं दुसरीकडे कुठंच नाहीत, ती काही झालं तरी जपायची. बाकीच्यांचं बघू." मी विचारलं, दुसरीकडे नाहीत हे कसं कळणार, गावोगाव फिरू का? तर म्हणाली, फिरायची गरज नाही, मोठमोठ्या देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी आपल्या याद्या इंटरनेटवर ठेवल्या आहेत, काही जुनी पुस्तकं तर पानन् पान फोटो काढून ठेवली आहेत, आणि विलायतेतल्या ग्रंथालयात इंग्रजांच्या वेळची मराठी पुस्तकंही पुष्कळ आहेत. घरी कॉम्प्युटर आहेच. रोज संध्याकाळी दहा-दहा पुस्तकं बघू.

पहिल्या दिवशी मी अंघोळ करून, टोपी घालून बसलो. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि साबणाने हात धुतले. नियम क्रमांक एक आठवतोय ना, मळ्यातून आलेल्या हाताने पुस्तकाला शिवायचं नाही. दीपमाला म्हणाली, "नाना, हा माऊस आहे." मी म्हणालो, असू दे. मग मी ग्रंथालयाची वेळ विचारली. ते कधीच बंद होत नाही म्हणाली. मला हे अजून पटलेलं नाही. जे वाचनालय दुपारी बारा ते चार बंद नसतं, त्याच्या सेक्रेटरीनं जेवायचं कधी? आणि कार्ड मागितलं नाही, जामीनदार मागितला नाही, वर्गणीचं नाव काढलं नाही. आपण तर तालुक्याच्या सभापतींकडूनसुद्धा दोन ओळखीच्या सह्या घेतल्या होत्या, आणि त्यातली एक सह्याजीरावांची म्हणून परत पाठवली होती, कारण सह्याजीरावांकडेच आपली दोन पुस्तकं अडकली होती.

शोधायचं कसं हे शिकायला मला आठवडा लागला. पहिल्यांदा मी इंग्रजी अक्षरांत नुसतं 'गुलाब' लिहिलं. गुलाब नावाच्या एका पैलवानाचा फोटो निघाला, गुलाबजामची कृती असलेलं एक बडोद्याचं पुस्तक निघालं, आणि कोण्या अत्तरवाल्याचं दुकानाच्या उद्घाटनाचं निमंत्रण निघालं. ते निमंत्रण इतकं अगत्याचं होतं की साल बघितलं नसतं तर गेलो असतो. मग नाशिक लिहिलं. गोदागंगेच्या घाटाचा एकशे वीस वर्षांपूर्वीचा फोटो समोर आला आणि मी भिंग घेऊन त्यातली माणसं एकेक करून बघत बसलो. आमची ही, मंगला, मागे उभी होती. ती म्हणाली, "आजच्या बाजारात तुम्हाला कोणी वळखीचं भेटत नाय, त्या फोटोत कोण भेटणार हाय?" एक जुना नकाशाही सापडला, मोजणीचा. त्यात आपला ओढा आहे, पिंपळ आहे, आणि तुमची विहीर एका ठिपक्याने दाखवली आहे. आमची नाही. आमच्या आजोबांनी ती पुढे खणली हे मला ठाऊक आहे, तरी वाईट वाटलं. आपल्याकडून एक ठिपका वाढवता येईल का असं मी दीपमालेला विचारलं. ती नाही म्हणाली.

असं करत गेल्या महिन्यात, एका मंगळवारी, यादीतलं पुस्तक क्रमांक एकशे बारा आलं.

एकशे बारा म्हणजे कोणतं, ते तुला सांगायला नको. पण मला सांगू दे. खंडेरावअण्णांनी, तुझ्या वडिलांनी, आपली फुलं भरायची खोली वाचनालयाला दिली, तेव्हा आपण पंचविशीतले होतो आणि आपल्याकडे पुस्तकं होती अकरा. हे बारावं तू रविवारच्या बाजारातून आणलंस. एकोणीसशे एकतीस साली छापलेलं, कोण्या निवृत्त बागायत अधिकाऱ्यानं लिहिलेलं, गुलाबाची लागवड. या शहराला एके काळी गुलशनाबाद म्हणायचे, आणि आपण फुलं पिकवणारी माणसं, म्हणजे आपल्याला ते पोथीसारखंच होतं. मागून क्रमांक बदलताना मी त्याला एकशे बारा दिला, कारण तो आकडा मला भारदस्त वाटला. त्या पुस्तकात बासष्टाव्या पानाच्या तळाशी शेवटची ओळ होती, "गुलाबाच्या यशाचे खरे रहस्य असे की". आणि पुढचं पान पासष्ट. रहस्य तेवढं गायब.

हे माझ्या ध्यानात आलं त्याच्या आधी पंधरा दिवस पुस्तक तुझ्याकडे होतं. त्याच हिवाळ्यात पुष्पप्रदर्शनात तुझ्या गुलाबाला कप मिळाला आणि माझ्या गुलाबाला भुरी. आता तूच सांग, मी काय समजायचं? पान फाडल्याची खूण नव्हती. दोऱ्याजवळ एक चिटोरंसुद्धा नव्हतं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता की खूण नाही म्हणजे फाडलं नसेल. मी म्हणालो, खूण नाही म्हणजे पुंजानेच फाडलं असणार, कारण गुलाबावर कलमाचा डोळा भरताना याच्या चाकूची रेघसुद्धा दिसत नाही. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्या माणसांना हे लगेच पटतं. फुलांच्या धंद्यात कोणी कोणाला खताची गोणीसुद्धा दाखवत नाही, तिथं रहस्याची दोन पानं कोण ठेवील?

आणि मी नाव रंगवलं. वर मथळा, 'पुस्तकांचे गुन्हेगार', खाली 'श्री. पुंजा खंडेराव, पृष्ठे २'. खडूनं लिहिलं तर पुसलं जाईल म्हणून ऑइलपेंट. नियम क्रमांक नऊही तेव्हाच केला, की या भिंतीवरचं नाव पुसण्याचा अधिकार ज्याचं नुकसान झालं त्यालाच राहील. म्हणजे मला. तू दुसऱ्या दिवशी आलास, हातात फुलांची पाटी होती, भिंतीवरचं वाचलंस आणि म्हणालास, "झुंबर, अक्षर चांगलं काढलंस." एवढं बोलून गेलास. वर्षभरात लंकावहिनींच्या माहेरी कळवणला जाऊन शेती करायला लागलास. तुझं ते वाक्य मला बत्तीस वर्षं कधीही, कुठंही ऐकू येतं. दाढी करताना जास्त येतं.

त्या मंगळवारी कॉम्प्युटरवर तेच पुस्तक उघडलं. तेच चित्र, तोच गुलाब, फक्त आपल्या प्रतीवर वाळूच्या चहाचा गोल डाग आहे तो त्यावर नव्हता. म्हटलं, आज रहस्य कळणार. दीपमालेला सांगितलं, बासष्ट काढ. तिने काढलं. "गुलाबाच्या यशाचे खरे रहस्य असे की". म्हटलं, पुढचं. तिने पुढचं पान आणलं. पासष्ट.

पुंजा, खोटं कशाला सांगू. माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं की हा तिथंही पोचला की काय.

मग मी त्या विलायतेतल्या ग्रंथालयाला पत्र लिहायचं ठरवलं. वाचकांनी प्रश्न विचारावेत म्हणून त्यांनी जागा ठेवली आहे. मी मराठीत सांगितलं, दीपमालेनं इंग्रजीत लिहिलं. मी सांगितलं ते असं, की तुमच्या प्रतीतली दोन पानं तुमच्या एखाद्या सभासदाने फाडली आहेत, तरी हे पुस्तक आजवर कोणाकोणाच्या नावावर गेलं ते रजिस्टरवरून तपासावं, गुन्हेगाराचं नाव ठळक जागी भिंतीवर रंगवावं, रंग ऑइलपेंट घ्यावा, आमच्याकडे तो बत्तीस वर्षं टिकला आहे. दीपमालेनं लिहिलं एवढंच, की त्रेसष्ट-चौसष्ट ही पानं दिसत नाहीत, कृपया पाहाल का. हा फरक मला नंतर कळला. तिनं माझी अब्रू राखली असं ती म्हणते.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी. आपण एकदा वरच्या ऑफिसला पत्र पाठवलं होतं, त्याचं उत्तर आलं तोवर सही करणारे साहेब निवृत्त झाले होते. इथं कोणी बाई होत्या, त्यांनी खाली पुस्तकांच्या तळघरात जाऊन मूळ प्रत काढून बघितली होती. त्यांनी लिहिलं, की पान एकही फाटलेलं नाही. छापखान्यात क्रमांक टाकताना चूक झाली, बासष्टनंतर एकदम पासष्ट पडला. त्रेसष्ट आणि चौसष्ट ही पानं कधी छापलीच गेली नाहीत. मजकूर सलग आहे. खात्री करायची असेल तर तुमच्या प्रतीत त्या फर्म्यातली, म्हणजे एकत्र शिवलेल्या त्या गठ्ठ्यातली, पानं मोजून पाहा, शिवणीच्या दोऱ्याच्या अलीकडे चार आणि पलीकडे चार अशी आठ भरली पाहिजेत. आणि हे सगळं यादीतल्या नोंदीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, असंही त्यांनी अगदी नम्रपणे कळवलं. मी जाऊन बघितलं. होतं लिहिलेलं. भिंग घाटाच्या फोटोसाठी वापरलं, इथं वापरलं नाही.

मी किल्ली घेतली आणि वाचनालयात गेलो. एकशे बारा हे पुस्तक मी पुरावा म्हणून वेगळ्या कुलपात ठेवलं होतं. पुरावा इतका जपून ठेवला, की बत्तीस वर्षांत उघडून बघितला नाही. पानं मोजली. अलीकडे चार, पलीकडे चार. पुन्हा मोजली. फुलांची गणती करताना मी शेकड्यात एका फुलाने चुकत नाही, आणि ही आठ पानं मला तेव्हा मोजता आली नाहीत. मग बासष्टाव्या पानाची शेवटची ओळ आणि पासष्टाव्याची पहिली ओळ पहिल्यांदाच एका दमात वाचली. "गुलाबाच्या यशाचे खरे रहस्य असे की मालकाने रोज पहाटे स्वतः मळ्यात जावे व एकेक रोप आपल्या डोळ्यांखालून घालावे, दुसऱ्याने पाहिलेले रोप हे पाहिलेले नव्हे."

हे वाक्य आपण सगळ्यांनी शंभरदा वाचलं होतं. पासष्टाव्या पानावर म्हणून वाचलं, त्यामुळे कोणाला ते रहस्य वाटलं नाही. तू रोज पहाटे जायचास. मी आठ वाजता, चहा घेऊन, तोही गड्याला विचारायला की सगळं ठीक आहे ना. आणि तो म्हणायचा, "ठीक हाय, मालक." पुढं बत्तीस वर्षं जो भेटेल त्याला मी सांगत आलो, की माझे गुलाब त्या दोन पानांनी मारले. तिथंच खुर्चीवर बसून मी रडलो. हे दीपमालेला माहीत नाही, तू कधी भेटलास तर तिला सांगू नकोस.

मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती अण्णांची. त्यांची खोली, त्यांची भिंत, आणि तिच्यावर तुझ्या नावाबरोबर मी त्यांचंही नाव रंगवलं, कारण नाव लिहिताना वडिलांचं लावायचं असा माझा नियम. ते रोज सकाळी पेपर वाचायला यायचे. त्या दिवसानंतर आले नाहीत. वाटेत भेटले तर माझी खुशाली विचारायचे, मंगलाची विचारायचे, पेपराचं नाव काढायचे नाहीत. त्यांच्या दशक्रियेला मी गंगेवर आलो होतो, लांब पुलाच्या खांबाआड उभा होतो. तू बघितलं नसशील. बघितलं असलंस तरी तू कशाला बोलशील. आणि पुंजा, हेही आता कबूल करतो, की दर दसऱ्याला खोलीला चुना द्यायचो तेव्हा तुझ्या नावाचा चौकोन मी सोडून द्यायला लावायचो. दोनदा तर अक्षरं नव्याने उजळून काढली.

परवा हे सगळं मंगलाला सांगितलं. वाटलं, ती हादरेल. ती शांतपणे म्हणाली, "आम्हाला ठावं होतंच. पुंजाभाऊ असं करायचे नाय." मी विचारलं, आम्हाला म्हणजे कोणाला? तेव्हा उलगडा झाला, की ही आणि लंकावहिनी या दोघी दर चैत्रात देवीच्या गडावर जत्रेला भेटत आल्या आहेत. आमच्या घरी वर्षानुवर्षं येणारे नागलीचे पापड लंकावहिनींच्या हातचे आहेत. मी दर वर्षी ते खाऊन म्हणायचो, असा पापड नाशकात कोणी करत नाही. मंगला म्हणायची, खरं आहे, नाशकात नाही करत. तुझा पत्ताही तिनेच दिला, आणि वर म्हणाली, "लय उशीर केला, पण लिव्हा." तुमच्याकडे दर हिवाळ्यात मोगऱ्याची रोपं जात असतील तर ती कोणाची, हे आता तूच वहिनींना विचार.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. माफी मागायला लिहिलं असं वाटेल. माफी मागतोच, पुंजा, मी चुकलो, तुझ्याशी आणि अण्णांशी. पण नुसत्या माफीसाठी मी स्वतः कळवणला आलो असतो. अडचण नियमाची आहे. तुझं नाव मी परवा पुसलं, वाळूला आणि त्या दोन चहावाल्यांना समोर उभं करून, तुझ्यावर दोष नव्हता असं सभेच्या वहीत लिहून. मथळा तसाच ठेवला. खाली नवीन नाव रंगवलं, 'श्री. झुंबर लक्ष्मण, पृष्ठे न मोजता निकाल दिला'. नियम नऊप्रमाणे ते पुसायचा अधिकार ज्याचं नुकसान झालं त्यालाच आहे. मला नाही, वाळूला नाही, महापालिकेला तर मुळीच नाही. मार्चअखेर जेसीबी आला आणि भिंतीबरोबर नाव गेलं, तर नियम मोडेल, आणि मी तसाच गुन्हेगार राहीन. म्हणून तू त्याच्या आत ये. पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश एकशे बाराच्या कपाटात ठेवलाय. यायला जमलं तर पहाटेच ये, मी मळ्यातच असतो. उरलेल्या अर्ध्या गुंठ्यात वीस रोपं लावली होती, महिनाभर रोज स्वतः बघतोय, तीन कळ्या धरल्या आहेत. आणि पुसायची घाई करू नकोस, आधी नीट बघ. या वेळी अक्षर चांगलं आलेलं नाही.

तुझाच,
तूर्त भिंतीवर असलेला,
झुंबर